बॅग भरताना घड्याळ बघा!

मुलांनो, सहलीच्या आदल्या रात्री घरात सर्वांत मोठं भांडण कशावरून होतं, सांगा पाहू? खिडकीजवळच्या जागेवरून? छे! ते तर गाडीत बसल्यावर. आदल्या रात्रीचं भांडण असतं ते बॅगेवरून. आई म्हणते, "स्वेटर घे." तुम्ही म्हणता, "तिकडे कुठे थंडी असते?" बाबा म्हणतात, "एवढं ओझं उचलणार कोण?" आणि आजी गुपचूप येऊन बॅगेत एक शाल सारून जाते.

गंमत अशी, की या भांडणात प्रत्येकाचं थोडंथोडं बरोबर असतं. हिवाळ्यात आपल्या महाराष्ट्रात लांबच्या प्रवासाला निघालं, की एकाच दिवसात दोन-दोन, तीन-तीन ऋतू भेटतात. मग बॅग भरायची तरी कशी? आमच्या घरी हा प्रश्न आला, तेव्हा तो नुसता ओझ्याचा राहिला नव्हता. एका मुलाने सहलीला यायचं की घरी राहायचं, हे त्यावर ठरणार होतं. म्हणून ती हकिगत तुम्हांला सांगते.

आमचं पिंपळनेर धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, पांझरा नदीच्या काठी आहे. जवळच लाटीपाड्याचं धरण आणि पश्चिमेकडे सह्याद्रीचे डोंगर. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटे अशी थंडी पडते, की नळाच्या पाण्याला हात लावायला नको वाटतं. धुळ्याचं किमान तापमान तर काही वर्षी ५ अंशांच्याही खाली उतरतं, आणि मग राज्यातल्या सर्वांत गार गावांच्या यादीत आमच्या जिल्ह्याचं नाव वर झळकतं. पण हीच थंडी दुपारी कुठे पळते कोण जाणे! सकाळी परिपाठाला कुडकुडणारी माझ्या वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत स्वेटर कमरेला बांधून लंगडी खेळत असतात. संध्याकाळी वर्गाच्या कोपऱ्यात दोन-चार बेवारस स्वेटर उरतातच!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरात आम्ही खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात जायचं ठरवलं. रायगड जिल्ह्यात खोपोली-पाली रस्त्यावर हे उद्यान २०१३ मध्ये सुरू झालं. उंच पाळणे, अंधारातल्या सफरी, पाण्यात धपकन कोसळणारी होडी, सगळं काही तिथे आहे. तिकिटं मात्र स्वस्त नसतात. म्हणून माझी मुक्ता आणि माझ्या धाकट्या जाऊबाईंचा चिनू, दोघांनी वर्षभर मातीच्या गल्ल्यात पैसे साठवले होते. दिवाळीचे, वाढदिवसाचे, रद्दी विकून आलेले. गल्ला फोडला तेव्हा त्यातून अर्ध्या तिकिटापुरतेही निघाले नाहीत, हा भाग वेगळा! पण उत्साह पूर्ण तिकिटाचा होता.

अडचण होती ती चिनूची. चिनू तेव्हा तिसरीत होता. त्याला बालदमा आहे. पहाटेचा गार वारा नाकातोंडात गेला, की त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो. आणि निघायचं तर पहाटे तीनला, क्रूझर गाडीने, तीनशे किलोमीटरांहून जास्त प्रवासाला. जाऊबाई मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही सगळे जाऊन या. मी चिनूला घेऊन घरीच राहते. तिकडे त्रास झाला तर काय करायचं?"

चिनू दाराआडून ऐकत होता. तो रडला नाही, हट्टही केला नाही. त्याने आपला निळा शर्ट बॅगेतून काढला आणि नीट घडी करून पुन्हा कपाटात ठेवला. मुलांनो, रडणाऱ्या मुलाची समजूत घालता येते. पण न रडणाऱ्याची कशी घालायची?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी चिनूला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याला तपासलं, सगळा बेत विचारून घेतला आणि म्हणाले, "नेऊ नका असं मी म्हणत नाही. नीट तयारी करून न्या." नीट तयारी म्हणजे काय, तेही त्यांनी सांगितलं. नाकातोंडावर गार वारा थेट येऊ द्यायचा नाही, अंगावर ओले कपडे ठेवायचे नाहीत आणि तोंडाने ओढायच्या औषधाचा पंप कायम हाताशी ठेवायचा.

घरी येऊन आम्ही सगळे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. सासूबाई कपड्यांचा ढीग पाहून अहिराणीत म्हणाल्या, "आठे हिव वाजस, तठे घाम येस. मंग काय बठ्ठं घर लई जाशात?" इथे थंडी वाजते, तिथे घाम येतो, मग काय सगळं घर घेऊन जाणार आहात का? आम्ही खूप हसलो. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून मी कागदावर गावांची नावं लिहिलीच नाहीत. त्याऐवजी लिहिलं, पहाटे तीन, सकाळी सहा, सकाळी नऊ, दुपारी दोन, रात्री आठ, रात्री दोन. आणि प्रत्येक वेळेपुढे, तेव्हा आपण कुठे असू आणि अंगाला काय हवं, ते. बॅग गाव बघून भरायची नाही, घड्याळ बघून भरायची!

आता तुम्ही विचाराल, की पिंपळनेरला कुडकुडायला होतं आणि खोपोलीकडे घाम येतो, असं का? दोन्हीकडे सूर्य तर एकच! याचं एक कारण समुद्र. पाणी तापायला फार उष्णता लागते. सारख्या वजनाचा दगड आणि पाणी सारखंच तापवायचं, तर पाण्याला सुमारे पाचपट उष्णता द्यावी लागते. पाणी तापतं सावकाश आणि निवतंही सावकाश. म्हणून समुद्राजवळच्या कोकणात रात्र फारशी गार होत नाही. आमच्या खानदेशात समुद्र लांब आणि हवा कोरडी. दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. आकाश निरभ्र असेल तर तिची उष्णता सरळ वर निघून जाते. ढग असले तर ते पांघरुणासारखं काम करतात आणि रात्र उबदार जाते. त्यातच उत्तरेकडून वारे सुटले, की हुडहुडी! गार हवा जड असते, ती उतारावरून खाली नदीकाठच्या सखल भागात साचते. म्हणून नदीकाठच्या शेतात पहाटे पाणी भरायला जाणाऱ्यांना विचारा, गावापेक्षा तिथे जास्त थंडी का वाजते ते!

घड्याळाचा कागद तयार झाला. पुढचा प्रश्न, कपडे कोणते? जाऊबाई चिनूसाठी नवं जाडजूड जॅकेट घ्यायला निघाल्या होत्या. मी त्यांना थांबवलं आणि सासूबाईंची गोधडी समोर आणली. गोधडी म्हणजे काय हो? जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक ठेवून घातलेले टाके. एकेक थर किती पातळ! पण थरांच्या मध्ये हवा अडकून बसते आणि ती अडकलेली हवाच ऊब धरून ठेवते. थंडीत चिमणी पिसं फुलवून गोल चेंडूसारखी बसते, ती याचसाठी. मग माणसाने तरी एकच जाड कपडा का घ्यावा? जाड जॅकेटचं एक तर घालायचं, नाही तर काढून काखेत धरायचं. पातळ कपड्यांचे थर मात्र ऊन चढेल तसे एकेक उतरवता येतात.

चिनूसाठी थर ठरले ते असे: आत बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, त्यावर बिनबाह्यांचा हातविणीचा स्वेटर आणि सगळ्यांत वर वारा अडवणारं पातळ जर्किन. डोक्याला कानटोपी, पायांत मोजे आणि नाकातोंडावरून गुंडाळायला आजोबांचं मऊ उपरणं. उपरण्यातून श्वास घेतला, की आत जाणारी हवा थोडी कोमट आणि ओलसर होऊन जाते. नवीन काही आणावं लागलं नाही. जर्किन मुक्ताचं जुनं होतं, एवढंच!

मग सामानाचे तीन भाग केले. पहिली बॅग टपावर, ताडपत्रीखाली. तिच्यात मुक्कामाचे कपडे आणि परतीच्या रात्रीचं पांघरूण. दुसरी पिशवी सीटखाली. तिच्यात उतरवलेले थर ठेवायचे, शिवाय प्रत्येकाचा एक कोरडा कपड्यांचा जोड, टॉवेल आणि जास्तीचे मोजे. आणि तिसरी छोटी पिशवी जाऊबाईंच्या खांद्याला. तिच्यात चिनूचा पंप, त्याला लावायची नळी, डॉक्टरांची चिठ्ठी आणि पाण्याची बाटली. पालकांनो, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. ज्या औषधाची केव्हाही गरज लागू शकते, ते टपावरच्या बॅगेत कधीही ठेवू नका. आणि पंप उन्हात तापणाऱ्या बंद गाडीत सोडून जाऊ नका.

पहाटे तीनला निघालो. ताहाराबाद, सटाणा, देवळा करत नाशिकच्या वाटेला लागलो. क्रूझरच्या फटींतून वारा नुसता सुयांसारखा टोचत होता. चिनूचे फक्त डोळे दिसत होते. इगतपुरीला उजाडलं होतं. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. तिथे धुकं होतं आणि चहाच्या कपाभोवती आम्ही सगळ्यांनी हात शेकले. मग कसारा घाट सुरू झाला. घाट उतरताना काय गंमत झाली! पहिल्यांदा कानटोप्या निघाल्या. घाट संपेपर्यंत जर्किनं निघाली. शहापूरच्या पुढे स्वेटर. मुक्ता म्हणाली, "आई, आपण सटाण्याचे कांदे झालोय. एकेक साल निघतंय!"

पण त्या रात्री एक नवलच झालं. खोपोलीच्या मुक्कामाला रात्री थोडा तरी गारवा असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि रात्रभर इतकं उकडलं, की पंखा लावून झोपलो. चिनूने विचारलं, "काकू, म्हणजे ढगांनी पांघरूण घातलं ना?" मला फार बरं वाटलं! सांगितलेलं समजलं, की शिकवणाऱ्याला आणखी काय हवं?

आभाळ भरून आलं, पण पाऊस आला नाही. मात्र डिसेंबरात पाऊस येतच नाही, असं समजू नका. २०१७ च्या डिसेंबरात अरबी समुद्रात 'ओखी' चक्रीवादळ आलं होतं. तेव्हा ऐन हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर पाऊस पडला आणि ५ डिसेंबरला मुंबई, ठाणे, पालघर, रायगड जिल्ह्यांतल्या शाळांना सुट्टी द्यावी लागली. २०२३ च्या नोव्हेंबरच्या शेवटी नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली, द्राक्षं आणि कांदा झोपला. उलट बाजूने पाहा. मुंबई म्हणजे उकाडा, असं आपण म्हणतो ना? त्याच मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता! म्हणून निघण्यापूर्वी भारतीय हवामान विभागाचा जिल्ह्यांचा अंदाज जरूर पाहावा. तोही एका गावाचा नव्हे. आपलं गाव, वाटेतला घाट आणि जायचं ठिकाण, या तिन्हींचा. आणि अंदाज काहीही असो, प्रत्येकाच्या पिशवीत एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी असावी. पाऊस आला तर डोक्यावर, नाही आला तर ओले कपडे भरायला.

आमच्या पिशव्या ओल्या कपड्यांसाठीच कामी आल्या. उद्यानात 'राजासॉरस' नावाची होडीची सफर आहे. आधी अंधारातून डायनोसॉर दाखवते आणि मग वरून पाण्यात आदळते. मुलांनो, राजासॉरस हा नुसता खेळातला प्राणी नाही बरं का! त्याचे खरेखुरे जीवाश्म गुजरातमध्ये रहियोली इथे सापडले आणि २००३ मध्ये त्याला नाव मिळालं 'राजासॉरस नर्मदेन्सिस'. आपल्या नर्मदेवरून! ती सफर करून सगळे चिंब झाले. ऊन होतं, म्हणून मुक्ताला तसंच पुढच्या पाळण्याकडे पळायचं होतं. पण ओलं कापड अंगावर वाळताना अंगातलीच उष्णता घेऊन जातं. म्हणून आमचा नियम ठरलेला होता. आधी टॉवेल, मग कोरडा शर्ट, मग पुढची रांग.

आणखी एक नियम, तोही थंडीच्या कपड्यांचाच. पाळण्यात बसताना गळ्यात मफलर, उपरणं, ओढणी काहीही नको. मोकळं टोक चाकात किंवा यंत्रात अडकलं तर जिवावर बेतू शकतं. जे थंडीत रक्षण करतं, तेच तिथे घात करतं. आम्ही ते सगळं पिशवीत घालून सासूबाईंजवळ ठेवलं. त्या झाडाच्या सावलीत बसून सगळ्यांच्या पिशव्या राखत होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या मुलांना "टोपी घाल रे, ऊन लागी" असं सांगत होत्या. चिनू उंचीच्या पट्टीपुढे दोनदा उभा राहिला, टाचा उचलून! तरी मोठ्या पाळण्याला काही बसू दिलं नाही. त्याने लहान मुलांच्या पाळण्यात बसून त्याची भरपाई केली.

परतीच्या रात्री आकाश पुन्हा मोकळं झालं होतं. चांदण्या लखलखीत. "आज थंडी पडणार!" चिनूनेच जाहीर केलं. कसारा घाट चढण्यापूर्वी गाडी थांबवून आम्ही सगळे थर पुन्हा चढवले. टपावरची बॅग खाली घेतली आणि गोधडी काढली. घाट चढल्यावर, चांदवडच्या पुढे तर काचांवर बोटाने चित्रं काढता येतील एवढी वाफ धरली. दोनच्या सुमारास चिनूला खोकल्याची ढास लागली. गाडी बाजूला घेतली. जाऊबाईंचा हात अंधारातही सरळ खांद्याच्या पिशवीत गेला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पंप दिला, उपरणं नीट गुंडाळलं. थोड्या वेळात श्वास हलका झाला आणि तो पुन्हा झोपला. आम्ही मोठी माणसं मात्र सटाण्यापर्यंत जागीच होतो. पहाटे पिंपळनेरला उतरलो तेव्हा जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "ताई, बरं झालं नेलं त्याला."

मुलांनो, ही अडचण आपल्यालाच येते असं नाही. अमेरिकेत फ्लोरिडा नावाचं राज्य आहे. तिथे ओरलँडोजवळ १९७१ मध्ये 'डिस्ने वर्ल्ड' सुरू झालं. फ्लोरिडा म्हणजे ऊन, असं समजून थंड देशांतली माणसं नाताळच्या सुट्टीत तिथे जातात. एक दिवस अर्ध्या चड्डीत फिरतात आणि दुसऱ्या सकाळी कुडकुडतात! कारण कॅनडाकडून येणाऱ्या गार हवेला अडवायला वाटेत आडवी अशी उंच डोंगररांग नाही. आपल्या डोक्यावर हिमालय उभा आहे, म्हणून मध्य आशियाची कडाक्याची थंडी जशीच्या तशी आपल्याकडे येत नाही. १९८९ च्या डिसेंबरात फ्लोरिडात संत्र्यांच्या बागा गारठून गेल्या होत्या. तिथले शेतकरी अशा रात्री झाडांवर पाणी फवारतात. पाण्याचा बर्फ होताना थोडी उष्णता बाहेर पडते आणि फळ वाचतं. आणि आपल्याकडे निफाडचे द्राक्ष बागायतदार काय करतात? पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. देश वेगळा, उपाय वेगळा, काळजी तीच.

आता शेवटचं आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. माझ्या वर्गात काही मुलं हिवाळ्यात एकावर एक दोन शर्ट घालून येतात. कुणी आईची ओढणी डोक्याला गुंडाळतं. तुमच्याही वर्गात असतील. त्यांना पाहून कुणी फिदीफिदी हसलं, तर त्याला गोधडीची गोष्ट सांगा. ऊब किमतीत नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. दोन शर्ट घालणारा तो मुलगा शास्त्राला धरूनच वागतोय. आणि तुमच्याकडे लहान झालेला एखादा स्वेटर असेल, तर तो कपाटात कशाला ठेवता? आमच्या चिनूच्या अंगावरचं जर्किन मुक्ताचंच तर होतं!

आणि हो, माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा. तीन सारखे स्टीलचे पेले घ्या. आईकडून किंवा बाबांकडून त्यांत सारखंच कोमट पाणी ओतून घ्या. एका पेल्याला एक कोरडा रुमाल गुंडाळा, दुसऱ्याला एकावर एक तीन रुमाल, आणि तिसऱ्याला एक ओला रुमाल. तिन्हींवर झाकणं ठेवा. अर्ध्या तासाने पाण्यात बोट घालून पाहा. कोणतं पाणी जास्त कोमट राहिलं, कोणतं आधी गार झालं, ते वहीत लिहा. मग सहलीच्या आदल्या रात्री ती वही घेऊन बॅग भरायला बसा. बघू, भांडण होतं का ते!